वय झालं म्हणून सोडून देऊ नका

"वय झालं की विसरायला होणारच," असं बरेच जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाच्या २०२४ च्या अहवालात डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा) धोका वाढवणारी, पण बदलता येण्याजोगी १४ कारणं दिलीत. ती आवरली तर जवळपास ४५ टक्के डिमेन्शिया टळेल किंवा उशिरा येईल, असा अंदाज आहे. त्यात बहिरेपण अगदी वर आहे! आमच्या तासगावच्या आत्याला "चहा टाकू का?" विचारलं की ती "पाऊस कुठला आलाय अजून" म्हणायची. घरातल्यांनी तिला भ्रमिष्टच ठरवलं होतं. मिरजेत कान तपासून मशीन बसवलं, आता भिशीचा हिशेब पुन्हा तिच्याकडेच आहे. (मशीनने डिमेन्शिया बरा होत नाही, तिला तो नव्हताच.) बी-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉईडही तपासा, त्यामुळे आलेला विसराळूपणा औषधाने बऱ्याचदा सुधारतो.