पाळणाघराचा खर्च करातून भागवावा का?

सुमेधा
शाळा करातून चालते, याला कुणी हरकत घेत नाही. मग त्याआधीचा सांभाळ तेवढा 'तुमचं तुम्ही बघा'? ऑफिसातल्या एकीने बाळंतपणानंतर नोकरी सोडली. पगारातून पाळणाघराची फी वजा केली की जेमतेम जाण्यायेण्याचं भाडं उरायचं. कॅनडातल्या क्यूबेक प्रांताने १९९७ साली दिवसाला ५ डॉलर अशी सरसकट फी ठरवली, बाकीचा भार सरकारने उचलला. नोकरी करणाऱ्या आयांचं प्रमाण चांगलंच वाढलं.

आकडेमोड्या
अर्धंच सांगितलंत. बेकर, ग्रुबर आणि मिलिगन या अर्थतज्ज्ञांनी त्याच योजनेवर २००८ मध्ये शोधनिबंध छापला. मुलांमधली चिंता आणि आक्रमकपणा वाढलेला दिसला. शिवाय सरसकट म्हणजे बंगलेवाल्यालाही सवलत. ती का म्हणून?

सुमेधा
बंगलेवाला करही जास्त भरतो ना. आणि फक्त गरिबांसाठी काढलेल्या सोयीची पुढे काय रया जाते, ते आपण सगळेच बघतो. अमेरिकेतल्या पेरी प्रीस्कूल या बालवाडीच्या प्रयोगाचं बघा, त्या मुलांचं पुढचं आयुष्य सुधारलंच.

आकडेमोड्या
पेरीत किती मुलं होती? ५८! शिक्षिका दर आठवड्याला घरी जाऊन आईशी बोलायच्या. १९६० च्या दशकातला तो प्रयोग दाखवून लाखो मुलांची योजना खपवायची, हे काही पटत नाही.

रोहन_के
त्यापेक्षा पैसे थेट आईबापांच्या खात्यात टाका. कुणी पाळणाघराला देईल, कुणी घरी राहील. आमच्याकडे आजी सांभाळते, तिचं काम फुकटचं का?

सुमेधा
आजीचा मुद्दा मान्य. पण नॉर्वेत १९९८ पासून अशी रक्कम मिळते, आणि ती घेऊन घरी राहतात त्या बहुतेक आयाच. बाबा नाहीत. (रोहन, रागावू नका.)

दुपारची_ताई
मी पाळणाघरात काम करते. बारा रांगती मुलं आणि आम्ही दोघी. एकीने लंगोट बदलायला घेतला की दुसरीच्या नजरेखाली अकरा. त्यातलं एक चावतं, एक झोपेला आलेलं. आक्रमकपणा कुठून येतो म्हणता? आमचा पगार फीतूनच निघतो. फी वाढवली तर आईबाप मूल काढून नेतात, नाही वाढवली तर शिकलेली बाई दुकानाच्या गल्ल्यावर जाऊन बसते, तिथे जास्त मिळतात. नुसती फी कमी केलीत तर बाराची अठरा होतील.

आकडेमोड्या
ताई, मग पैसे आधी पगाराला आणि माणसं वाढवायला द्या, फीचं नंतर. एवढ्याला माझी ना नाही.

सुमेधा
'नंतर' म्हणजे कधी? मूल तोवर पहिलीत गेलेलं असतं.