पालकसभेला दरवेळी तेच सात-आठ जण, बाकीच्यांपर्यंत पोचायचं कसं?

फळा_खडू:
नमस्कार मंडळी. सहावीची वर्गशिक्षिका आहे, पट ३८. सभेला येतात ते ज्यांच्या पोरांचं मुळात बरं चाललंय तेच, ज्यांच्याशी खरंच बोलायचंय ते फिरकतच नाहीत. व्हॉट्सॅप ग्रुपवर मी सूचना टाकते, खाली अंगठे येतात, बास. स्टाफरूममध्ये एकच पालुपद, "पालकांना पडलेलंच नाही". मला पटत नाही पण उलट काय बोलावं तेही सुचत नाही. कुणी काही वेगळं करून बघितलंय का?

रात्रपाळीवाला:
पालक म्हणून बोलतो, राग मानू नका मॅडम. पोरगा चौथीत असताना शाळेचा नंबर दिसला की पोटात गोळा यायचा, कारण फोन यायचा तो तक्रारीचाच, वही नाही, मारामारी, सही राहिली. सभा दुपारी ३ ला, मी तेव्हा रात्रपाळी करून झोपलेलो. एकदा डोळे चोळत गेलो तर सगळ्यांसमोर मार्क वाचून दाखवले, परत काही गेलो नाही. म्हणजे "पडलेलं नाही" वाल्यांच्या यादीत मी पण असणारच :) पुढच्या वर्षी नवीन सरांनी पहिल्याच आठवड्यात फोन केला, म्हणाले तक्रार नाहीये, तुमचा पोरगा घरी कशात रमतो तेवढं सांगा. म्हटलं, बिघडलेला रेडिओ खोलून बसतो. दहाच मिनिटं बोललो असू. त्यानंतर पाळी सुटल्यावर सकाळी मी आपणहून दोनदा शाळेत जाऊन आलो.

जुनी_मास्तरीण:
वरच्या सरांनी केलं ते लाखमोलाचं. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये लुई मोल नावाचे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच केलेलं, १९९२ मध्ये त्यावर लिहिलं. शिक्षक कष्टकरी घरांमध्ये गेले ते उपदेश करायला नाही, शिकायला. तर शेती, बांधकाम, दुरुस्ती, औषधी झाडपाला, हिशोब, असलं कायकाय त्या घरांना येत होतं आणि शाळेला पत्ताच नव्हता. मग तेच धडे बांधायला वापरलं.
अमेरिकेतच सॅक्रामेंटो शहरात १९९८ पासून शिक्षकांच्या गृहभेटी सुरू झाल्या, त्यांचे नियम मला फार आवडतात. भेट दोघांच्या मर्जीने, आधी विचारून, शिक्षक जोडीने जाणार, आणि फक्त "प्रॉब्लेम" पोरांच्याच घरी जायचं नाही, नाहीतर गेलात की शेजारीपाजारी समजतात काहीतरी भानगड आहे. पहिल्या भेटीत दप्तर, मार्क काही नाही, पोराबद्दल तुमचं स्वप्न काय एवढंच विचारायचं.

खरं_बोलू_का:
छान आहे सगळं, पण ३८ फोन करणार कोण? पेपर तपासायचे, माहिती भरायची, वर हे. आणि पालकांनी घरी बसून अभ्यास घेतला तर अर्धं काम होईल की.

आकडेमोडे:
@खरं_बोलू_का ते "अभ्यास घ्या" जरा जपून हं. २०१५ चा एक अभ्यास आहे पहिली-दुसरीच्या मुलांवरचा, ज्या आईबाबांना स्वतःला गणिताची धास्ती ते जितका जास्त गृहपाठ घ्यायला बसले तितकं मुलांचं गणित वर्षभरात कमी पुढे गेलं. आणि हिल आणि टायसन ह्या संशोधकांनी २००९ मध्ये ५० अभ्यास एकत्र करून पाचवी ते आठवीच्या आसपासच्या वयाचं बघितलं, तिथेही गृहपाठात मदत हा प्रकार फारसा कामाचा निघाला नाही. सगळ्यात उपयोगी ठरलं ते शिक्षण कशासाठी, पुढे काय करायचंय, ह्यावर घरात होणारं बोलणं. त्याला पालक शिकलेला असलाच पाहिजे असं काही नाही. गृहपाठच असा द्या की पोराने घरच्यांना विचारायचं किंवा समजावून सांगायचं, तपासायचं काम त्यांच्या गळ्यात नको.

वाचनखोली:
आमच्याकडे उलटं झालं. वाचनालयाची खोली संध्याकाळी रिकामी असायची, शाळेला सुचलंच नाही, शेवटी आम्हीच शाळेत जाऊन विचारलं. आता पोरं तिथे बसतात, निवृत्त मंडळी वाचून घेतात. हा, पहिले दोन महिने चावी कुणाकडे ठेवायची ह्यावरच भांडणं!

फळा_खडू:
@खरं_बोलू_का रोज दोनच फोन धरले तर १९ दिवस होतात, आत्ताच हिशोब केला. सुरुवात मागच्या बाकापासून करते. @रात्रपाळीवाला दादा, फोन किती वाजता केला तर चालतो तुमच्यासारख्यांना? आणि शाळेचा नंबर बघून उचललाच नाही तर आधी मेसेजमध्ये "तक्रार नाहीये" असं लिहू का?

रात्रपाळीवाला:
लिहाच. आणि दुपारी ४ नंतर.