आधी होल्स्टर (पिस्तूल अंगाला बांधायचं म्यान) ठरवा, पिस्तूल नंतर. पटतंय का?

काजूवाला, खानापूर:
गेल्या महिन्यात पिस्तुलाचं लायसन हातात आलं. डीसी ऑफिसच्या (जिल्हाधिकारी कचेरीच्या) फेऱ्या, पोलिसांचा रिपोर्ट, सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण, सगळं धरून दोन पावसाळे गेले. काजूच्या हंगामात गावोगाव फिरून शेतकऱ्याच्या अंगणात माल मोजायचा आणि जागेवर पैसे द्यायचे, म्हणून अर्ज केला होता. आता जो भेटतो तो विचारतो, "कुठलं घेणार?"

माझं म्हणणं, प्रश्नच उलटा आहे. आपल्यापुढं निवड आहेच किती? मोबाईलवर जे अमेरिकन व्हिडिओ बघतो त्यातली ९ एमएमची पिस्तुलं आपल्याकडं प्रतिबंधित बोअरमध्ये (बोअर म्हणजे नळीचं माप) मोडतात, सामान्य माणसाच्या लायसनवर ती चढत नाहीत. परदेशी माल साध्या लायसनधारकानं मागवायची वाट ऐंशीच्या दशकातच बंद झाली. म्हणजे फिरून फिरून बहुतेक बत्तीस बोअरच. एकतर सरकारी ऑर्डनन्स कारखान्याचं अशनी पिस्तूल, नाहीतर त्याच बोअरचं रिव्हॉल्व्हर. दिवसभरात ते एकदाही बाहेर निघणार नाही. बारा तास कमरेला असणार ते होल्स्टर.

आणि कायदाही तेच बघतो. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणं सार्वजनिक जागी हत्यार अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा त्यासाठीच्या पिशवीत पाहिजे, पूर्ण झाकलेलं पाहिजे आणि आपल्या ताब्यात पाहिजे. नेफ्यात खोचून वर शर्ट सोडला की झालं, हे चालत नाही. म्हणून मी ठरवलंय: पँटच्या आत बसणारं होल्स्टर, उजव्या कुल्ल्याच्या जरा मागं, आणि त्यात मावेल असं चपटं पिस्तूल. कुणाचं वेगळं मत असेल तर सांगा.

माजी सुभेदार, बेळगाव:
मत वेगळंच आहे. मराठा लाइट इन्फंट्रीत आयुष्य काढलं, आता बँकेच्या गाडीवर बारा बोअरची बंदूक घेऊन बसतो. तुम्ही चपटं म्हणून पिस्तूल घेणार, पण ते चालवायचा सराव कुठं करणार? वर्षाला किती काडतुसं मिळायची ते लायसनवर लिहिलेलं असतं, आणि ती सरावात संपवायचं धाडस कुणी करत नाही. सरावाशिवाय पिस्तूल म्हणजे चार कामं डोक्यात ठेवायची: सेफ्टीचा खिट्टा, स्लाइड म्हणजे वरचा सरकता भाग, काडतुसांचं मॅगझिन नीट बसलंय का, चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या बुडाशी, राऊंड (काडतूस) आहे का. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या गाडीचं दार उघडत नाही, हे मी बघितलंय.

शिवाय बत्तीसच्या पिस्तुलाच्या काडतुसाला बुडाशी बारीकशी कड असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागं गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात आणि मॅगझिन तिथंच अडतं. रिव्हॉल्व्हरला असलं काही नाही. एक काडतूस फुसकं निघालं तर परत चाप ओढा, पुढचं येतं. २०२३ ला आलेल्या प्रबळ रिव्हॉल्व्हरचं काडतुसांचं चक्र बाजूला उघडतं, वजन काडतुसांशिवाय पावणेसातशे ग्रॅमच्या आसपास. हलकं पाहिजे तर २०१४ चं निर्भीक, अर्ध्या किलोचं. माझ्या मतानं तुम्हाला रिव्हॉल्व्हरच शोभतं, आणि ते पँटच्या बाहेर, पट्ट्याला, वरून जाकीट.

काजूवाला, खानापूर:
सुभेदारसाहेब, तुमचा अनुभव मोठा, पण एप्रिलमध्ये जाकीट घालून मी काजूच्या बागेत फिरू? पहिल्याच दिवशी गावात चर्चा होईल. रिव्हॉल्व्हरचं चक्र कमरेला वांग्यासारखं फुगून दिसतं. आणि निर्भीक आलं तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास होतं, तेही बायकांसाठी म्हणून. ते परवडेल त्या बाईला सोबत ड्रायव्हरही परवडतो, हे तेव्हाच लोक बोलले होते.

तंबाखूवाला, निपाणी:
मी बरीच वर्षं पिस्तूलच बाळगतो. सुभेदारसाहेब म्हणतात तशी कड अडकायची भीती आहे, पण मॅगझिन भरताना प्रत्येक काडतूस मागं दाबून बघितलं की ती भानगड टळते. माझी भीती दुसरीच आहे, आणि ती रोज संध्याकाळी घरी आल्यावरची. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं समजणारी शहाणी माणसं मी बघितलीत. चेंबरमधला एक राऊंड आतच असतो. आधी मॅगझिन, मग स्लाइड मागं, मग डोळ्यानं बघायचं आणि करंगळी घालून चाचपायचं, हाच क्रम. उलटा केला, म्हणजे आधी स्लाइड ओढली, की मॅगझिनमधून नवा राऊंड आत जाऊन बसतो. मी चेंबर रिकामंच ठेवतो. त्यावर लोक हसतात. हसू देत.

आता होल्स्टर. मी पहिल्यांदा बाजारातलं मऊ चामड्याचं, पँटच्या आत बसणारं घेतलं होतं. पहिल्या पावसाळ्यात घामानं आणि ओलीनं बुरा आला, तोंड मिटलं. एकदा पिस्तूल परत आत सारताना चामड्याची घडी चापाच्या कड्यात शिरली. चेंबर रिकामं होतं म्हणून आज लिहितोय. त्यानंतर कायडेक्सचं, म्हणजे कडक प्लास्टिकचं घेतलं. तोंड उघडं राहतं, चाप पूर्ण झाकला जातो, पाऊस लागला तर पुसायचं. चामडं पायात बरं, कमरेला नको.

चामडेवाला, अथणी:
तंबाखूवाले दादा, दोष चामड्याचा न्हाई, कमावणीचा हाय. तुम्ही घेतलं ते क्रोमच्या रसायनात कमावलेलं असणार, पर्सच्या चामड्यासारखं लुळं. आमच्याकडं कोल्हापुरी चप्पल बनते ते चामडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं. ते भिजवून वस्तूवर बसवलं आणि सावलीत वाळवलं की तोच आकार धरून राहतं. चपलीचं नाव कोल्हापूरचं, पण २०१९ च्या भौगोलिक मानांकनात बेळगाव जिल्हाबी हाय, हे आपलीच माणसं इसरतात. तोंडाला दुहेरी पट्टी शिवली तर ते मिटत न्हाई. तुमचं ते प्लास्टिक चालताना कटकट आवाज करतंय, आणि मांडीला घासून चट्टा उठवतंय, ते का लिहीत न्हाई?

एक गोष्ट मातर खरी: घरी आल्यावर हत्यार चामड्यात ठेवू नका. ओल धरून लोखंड गंजतं.

तंबाखूवाला, निपाणी:
चट्टा उठतो, कबूल. आत बनियन घालतो.

शिक्षक, बेळगाव:
तुम्ही सगळे चामडं का प्लास्टिक यात रमलाय. मोटारसायकलवर मागून दोघं आले, बॅगेला हिसडा दिला, तर शर्ट वर करून पँटच्या आतून पिस्तूल काढेपर्यंत ते कुठं पोचलेले असतील? आणि पळणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घातली तर कोर्टात स्वसंरक्षण म्हणून उभं कसं राहणार? झटापटीत हिसकावून घेतलं तर ते तुमच्यावरच. माझं मत, दोन्ही नको. पैसे बँकेतून द्या.

काजूवाला, खानापूर:
गुरुजी, बँकेतून देतो की, जे घेतात त्यांना. ज्या म्हातारीचा दोन पोती काजू आहे तिला मेसेज दाखवून भागत नाही, हातात नोटा लागतात. हिसड्याचं तुमचं बरोबर आहे, त्यावर माझ्याकडं उत्तर नाही. पण माझी भीती रस्त्यावरच्या हिसड्याची नाही. जांबोटीच्या पुढं अंधार पडल्यावर गाडी बंद पडली आणि चौघं उभे राहिले, त्याची आहे.

वकीलबाई, खानापूर:
काजूवाले दादा, कमरेचं राहू द्या, आधी लायसनच्या शेवटच्या ओळी वाचा. हद्द काय लिहिलीय? तुमच्या हंगामातला निम्मा माल चंदगडकडचा. बेळगावातून शिनोळीला जायला अर्धा तास लागत नाही, आणि तिथं महाराष्ट्र सुरू होतो. जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ल्यात उतरलात की पुढं गोवा. हद्द फक्त कर्नाटक असेल तर नाका ओलांडल्यावर तुमचं तेच लायसनचं पिस्तूल बेकायदा. होल्स्टर अथणीचं का अमेरिकेचं, पोलीस विचारणार नाहीत. आपण सीमाभागवाले भाषेनं, सोयरिकीनं पलीकडचे, पण लायसनला सोयरीक कळत नाही. हद्द वाढवायला कारण दाखवून वेगळा अर्ज करावा लागतो.

दुसरं, आचारसंहिता लागली की हत्यार जमा करायचे आदेश निघतात. कोगनोळीच्या नाक्यावर पलीकडच्या निवडणुकीतही गाड्या उघडून बघतात, आणि पन्नास हजारांवर रोकड असली तर कागद मागतात. १ नोव्हेंबरला तर हत्यार कपाटातच राहू द्या, सीमाभागातल्या काळ्या दिवसाच्या निषेधाच्या गर्दीत ते घेऊन फिरणं म्हणजे आपणच निमित्त देणं. आणि हो, एका माणसाकडून एका दिवसात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला २०१७ पासून आयकर कायद्यात बंदी आहे. मोठ्या बागायतदाराचा व्यवहार तसाही बँकेतूनच व्हायला पाहिजे, म्हणजे पिशवीत रक्कम कमी राहील.

माजी सुभेदार, बेळगाव:
बाईंचं शंभर टक्के बरोबर. पण मग हाच मुद्दा माझ्या बाजूनं जातो. नाक्याआधी हत्यार कमरेचं काढून घरी नाहीतर दुकानात कुलपात ठेवायचं, परत आल्यावर घालायचं, म्हणजे रोजची काढघाल. जेवढी काढघाल जास्त तेवढी चूक जास्त. रिव्हॉल्व्हर उघडलं की सहाच्या सहा भोकं डोळ्यासमोर. चेंबरात करंगळी घालायची गरज नाही.

काजूवाला, खानापूर:
हे पहिल्यांदाच पटलं. म्हणजे रिव्हॉल्व्हर पटलं असं नाही, काढघालीचं पटलं. होल्स्टर असं पाहिजे की पिस्तूल आत ठेवूनच, चाप झाकलेला असतानाच, पट्ट्यावरनं अख्खं निघावं. क्लिपचं. पँटच्या आतलं ठेवायचं तर क्लिप घट्ट पाहिजे, नाहीतर काढताना होल्स्टरच हातात येतं.

अथणीच्या दादांना विचारतो, तसं करून देता का? पिस्तूल घेतलं की आणून देतो, दोन दिवस ठेवा, मापावर बसवा.

वकीलबाई, खानापूर:
दोन दिवस ठेवा? दादा, लायसनचं हत्यार दुसऱ्याच्या ताब्यात देता येत नाही. त्या बिचाऱ्याला आत घालाल.

चामडेवाला, अथणी:
ताईंचं खरं हाय, आमाला नको ती भानगड. तुमी सुताराकडनं त्याच मापाचा लाकडी ठोकळा करून आणा. आंब्याच्या फळीचा चालतोय. आमी चपलीचं चामडंबी लाकडी ठोकळ्यावरच ठोकतो.

तंबाखूवाला, निपाणी:
ठोकळा करताना सेफ्टीचा खिट्टा कोरायला विसरू नका. तो सपाट राहिला तर चामडं नेमकं तिथं आवळून बसतं, आणि पिस्तूल आत जाता जाता खिट्टा आपोआप खाली येतो, म्हणजे सेफ्टी निघते.