मदत हवी आहे: गेटिसबर्गचा १८६३ चा फोटो आणि आजची जागा जुळत नाहीये

अमेरिकन यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या रणभूमीवर डेव्हिल्स डेन हा खडकाळ भाग आहे, तिथला फोटोग्राफर अलेक्झांडर गार्डनरचा तो फोटो माहितीच असेल, दोन मोठे खडक, मधे दगडी भिंत आणि पुढ्यात मेलेला सैनिक (प्रेत फोटोसाठी तिथं आणून ठेवलं होतं असं आता मानतात, पण तो विषय वेगळा). मला तोच अँगल आजचा हवाय. लायब्ररी ऑफ काँग्रेसचा मोठा स्कॅन घेतलाय, तो मोबाईलवर अर्धा पारदर्शक करून लाईव्ह कॅमेऱ्यावर ठेवून बघितलं. डावा खडक भेगांसकट तंतोतंत बसतो पण तेवढ्यात उजवा चार बोटं बाहेर जातो आणि भिंतीची वरची कडा खाली येते, उजवा बसवला की डावा हलतो. १एक्स, २एक्स दोन्ही केलं, गुडघ्यावर बसूनही झालं. झाडं धरून उपयोग नाही, दीडशे वर्षांत सगळी बदललीत. ड्रोनला बंदी आहे, खडकावर खुणा करायच्या नाहीत, ट्रायपॉड आहे. पुढच्या शनिवारी परत जातोय, एकच दिवस मिळेल. तर आधी झूम विसरून नुसतं पुढेमागे सरकत दोन खडकांमधलं अंतर जुळवायचं आणि फ्रेम नंतर क्रॉप करायची, की आधी कॅमेऱ्याची उंची पक्की करायची?