शाखेत जाणारे रिकामटेकडे?

मुलुंडकर: काल इथं एका सद्गृहस्थांनी लिहिलंय, "बँकेत अजून रांगा लावतात ते रिकामटेकडे, फोनवर सगळं होतं." साहेब, माझी आई ७८ वर्षांची. नोव्हेंबरात पेन्शनसाठीच्या हयातीच्या दाखल्याला तिला शाखेत नेलं. जन्मभर भांडी घासून अंगठ्याच्या रेषा गेल्यात, यंत्र काही घेईना. चार वेळा तिनं अंगठा पदराला पुसला. काउंटरवरच्या मुलीनं मान वर न करता सांगितलं, "आजी, उद्या या." उद्याचं राहू दे, आज जिवंत आहे ती, समोर उभी आहे!

पार्लेकर_फोनवाला: तो सद्गृहस्थ मीच. चेहरा दाखवून घरबसल्या दाखला निघतो, २०२१ पासून. आईला रिक्षात घालून फरफटत तुम्ही नेलंत आणि बोल बँकेला?

मुलुंडकर: तेही केलं, तीनदा. डोळे मिचकवा म्हटलं की ती चष्मा सावरते. या एकदा घरी, करून दाखवा.

काउंटरपलीकडून: ३१ वर्षं सरकारी बँकेत काढलीत. चार खिडक्या, माणसं दोन, वर विम्याचं टार्गेट. मान वर करायला सवड कुठून आणायची? अर्धी गर्दी नुसती पासबुक छापायला. बाहेर मशीन आहे ना त्याला!

गिरगावची_सून: मशीनचं नाव काढू नका!! मशीन म्हणतं बारकोड वाचता येत नाही. आत गेलं तर बारकोडचे स्टिकर संपलेत, सोमवारी या. सोमवारी स्टिकर मिळालं तर मशीन बंद. सुरू झालं तेव्हा मार्चच्या ओळींवरच एप्रिल छापला.

काउंटरपलीकडून: पान चुकीचं उघडलं असेल, ताई.

गिरगावची_सून: मी शिक्षिका आहे. पान कळतं मला.

पार्लेकर_फोनवाला: पासबुक हवंय कशाला पण?

लालबागचा_थोरला: आमच्या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले ना, तेव्हा ॲप पहिलं बंद पडलं. किती पैसे अडकलेत ते पासबुकावरनं कळलं. बाबांच्या गिरणीचे पैसे होते त्यात. ठेवीवरचा विमा २०२० मध्ये ५ लाख झाला, त्याआधी १ लाखच होता. तुमच्या फोनला विचारा, काय म्हणतो.

पार्लेकर_फोनवाला: बरं बाबा, पासबुक पुजा. गंध, फूल, सगळं वाहा.

काउंटरपलीकडून: भांडा तुम्ही. मुलुंडकर, आमचंही चुकतं, मान्य. सत्तरीपुढच्यांना घरपोच सेवा द्या, असं रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्येच सांगितलंय. मागून घ्या.

मुलुंडकर: मागितली. म्हणाले, आईला घेऊन या, अर्जावर सही लागेल.

काउंटरपलीकडून: …मग लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. मी सांगितलं म्हणू नका.

गिरगावची_सून: आणि स्टिकर?