मदत हवी आहे: मायनर रिसर्च प्रोजेक्टचे पैसे आणि आविष्कारचा विद्यार्थी

नमस्कार मंडळी,

कोकणातल्या एका संलग्न महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. विद्यापीठाकडून मायनर रिसर्च प्रोजेक्ट मंजूर झालाय. विषय काजूच्या बोंडांचा रस. बोंडातल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे रस पिताना घसा खवखवतो. साबुदाण्याची पातळ खळ घालून ढवळलं की टॅनिन साक्यासारखं तळाशी बसतं आणि वर नितळ रस उरतो. किती खळ घातली की किती टॅनिन उतरतं, हे मोजायचंय.

टी. वाय.चा एक मुलगा याच कामातला एक भाग घेऊन आविष्कारला उतरतोय. २००६पासून चालू असलेली ही संशोधन स्पर्धा राज्यभरातल्या विद्यापीठांची, पण पोस्टर छपाईपासून केमिकलपर्यंतचा खर्च बहुतेक मुलांच्या नाहीतर गाइडच्या खिशातून. (मुलांना बक्षीस हवं, खर्च नको, असा एकंदर मामला.)

त्याला टॅनिन मोजायला लागणारं फोलिन रिएजंट हे रसायन आणि क्युवेट (मोजणीची छोटी नळी) माझ्या प्रोजेक्टच्या ‘केमिकल्स व काचसामान’ या हेडमधून (खर्चाच्या शीर्षातून) घेतले तर चालतील का? ऑफिस म्हणतं, ऑडिटमध्ये अडकाल. सहकारी म्हणतात, काम एकच आहे, बिल प्रोजेक्टच्या नावाने घ्या. उपयोगिता प्रमाणपत्रावर, म्हणजे पैसे मंजूर कामावरच खर्च झाले या दाखल्यावर, सही माझी असणार, म्हणून तोंडी भरवशावर जायचं नाहीये.

कुणी हेड बदलायची लेखी परवानगी घेतली आहे का? अर्ज प्राचार्यांमार्फत केलात की थेट विद्यापीठाकडे? मसुदा असेल तर कृपया पाठवा. बोंडांचा हंगाम मेअखेर संपतो, तेव्हा जरा घाई आहे.