पावतीवर 'बाबू', घरात 'बापू': निजामाच्या काळातल्या कागदावरून पणजोबा कसे शोधायचे?

उदगीरची लेक

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊनच बसा.

आमचं गाव उदगीर तालुक्यात, मी लग्नानंतर पुण्यात. गेल्या वर्षी दादा गेले (आम्ही वडलांना दादाच म्हणायचो). दिवस झाल्यावर माळवदाच्या खोलीतली पत्र्याची पेटी उघडली. वर सोसायटीची पासबुकं, खताच्या पावत्या, माझी चौथीची गुणपत्रिका. तळाला मेणकापडात गुंडाळलेला एकच कागद. उर्दू, हातानं लिहिलेला, कोपऱ्यात गोल शिक्का, वरच्या घडीवर फाटलेला. गावातल्या एका वयस्कर मौलवीसाहेबांनी चष्मा पुसून पुसून वाचला. म्हणाले, शेतसाऱ्याची पावती आहे, साल 1334, नाव 'बाबू वल्द धोंडू'.

आता 1334 साली तर बहामनी राज्यसुद्धा नव्हतं, ते 1347 चं. शाळेत शिकवते म्हणून तेवढं लक्षात आहे. त्यात आमच्या पणजोबांचं नाव बापू. बाबू नावाचं माणूस आपल्या घरात झालंच नाही, असं आत्या छातीठोक सांगते. मग दुसऱ्याची पावती दादांनी मेणकापडात का जपावी?

आणखी एक गुंता. आमच्या आडनावाला शेवटी 'कर' आहे आणि ज्या गावावरून ते आलं, ते गाव भालकी तालुक्यात, म्हणजे कर्नाटकात. तिथं आमचं कुणी नाही, वावर तर नाहीच. पणजोबा इकडं का आले? आत्या म्हणते पटकीच्या साथीत, काका म्हणतात भावकीच्या भांडणात. आजीला विचारलं की ती चुलीकडं तोंड फिरवायची आणि म्हणायची, "कशाला मेलेल्यांची हाडं उकरतीस?"

ऑनलाइन सातबारा पाहिला. जुने फेरफार सत्तरच्या दशकाच्या मागं जात नाहीत. आडनावानं शोधून काहीच लागलं नाही. कुठून सुरुवात करू?

सातबारा_ऑनलाइन

महाभूमीच्या 'आपले अभिलेख' वर स्कॅन केलेले जुने कागद आहेत, तिथं गाव टाकून बघा. सगळ्या गावांचं सगळं नाही मिळत. नाही मिळालं तर तहसीलला नकलेचा अर्ज.

बस्तेवाला काका

ताई, महसुलात 34 वर्षं काढली, त्यातली 11 रेकॉर्ड रूममध्ये. निवृत्त झालो तरी नाकातली धूळ अजून गेली नाही. म्हणून सविस्तर लिहितो.

पहिलं साल. ते इसवी नाही, फसली आहे, म्हणजे महसुलासाठीची वेगळी कालगणना. निजामाच्या राज्यात महसुली कागदावर फसली सनच असायचा. त्यात 590 मिळवा. वर्ष ऑक्टोबरात, आजूर महिन्यापासून लागायचं, म्हणून जानेवारीपासूनच्या तारखेला 591. म्हणजे तुमची पावती 1924-25 ची. पणजोबांच्या काळात बरोबर बसते.

दुसरं, तुम्ही लातूर जिल्हा धरून शोधत असाल. लातूर झाला 16 ऑगस्ट 1982 ला, उस्मानाबाद फोडून. आणि 1 नोव्हेंबर 1956 च्या आधी उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यात होते. भालकीही बीदरचाच. त्यामुळं तुमचे पणजोबा काही परमुलखातून आले नाहीत. एकाच जिल्ह्यात या तालुक्यातून त्या तालुक्यात आले. मधली रेघ नंतर ओढली गेली. आमच्याकडं अर्ज घेऊन येणारी माणसं इथंच फसायची. उस्मानाबादच्या निजामी याद्या चाळायची आणि गाव सापडत नाही म्हणून परत जायची.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. आडनाव विसरा. त्या काळच्या कागदात आडनाव क्वचित. 'रामजी वल्द धोंडी', बस्स. वल्द म्हणजे मुलगा. बाईमाणूस असेल तर 'जौजे अमुक', म्हणजे अमुकची बायको. मेलेला असेल तर 'मुतवफ्फी'. राहणार कुठला ते 'साकिन'. पट्टा, म्हणजे जमिनीची सरकारी नोंद, एकाच्या नावावर आणि वाटेकरी दुसरा असेल तर तो 'शिकमीदार'. एवढे पाच शब्द पाठ केले तर निम्मं काम झालं.

माणूस नाव बदलतो, गाव बदलतो, पण जमीन जागची हलत नाही. म्हणून जमिनीच्या नंबरावरून मागं मागं जायचं. आजचा गट नंबर घ्या. गावात जमिनींचं एकत्रीकरण झालेलं असेल तर भूमी अभिलेखला त्या योजनेच्या कागदात गटाचा जुना सर्व्हे नंबर मिळेल. तो हातात आला की तहसीलला 1954-55 चं खासरा पत्रक मागा. आपल्याकडं तो पाया आहे. सर्व्हे नंबर, पट्टेदार, ताबा कुणाचा, सगळं एका ओळीत. त्याच्या अलीकडं पाहणीपत्रकं, पलीकडं शेतवारपत्रक (सर्व्हे नंबरवार जमिनीची यादी) आणि वसुलीचे कागद. पलीकडचं उर्दूत, काही पटवाऱ्यांची जुनी दफ्तरं मोडीत.

अर्जात 'आमच्या पूर्वजांचे सर्व कागद द्यावेत' असं लिहू नका. असा अर्ज मी स्वतः शंभरदा फायलीला लावून टाकलेला आहे, खोटं कशाला बोलू. गाव, सर्व्हे नंबर, वर्ष, कागदाचं नाव. चार गोष्टी लिहिल्या की कारकुनाला बस्ता, म्हणजे कागदांचं गाठोडं, कुठला सोडायचा ते कळतं.

आणि हो, सप्टेंबर 2023 मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमल्यापासून कुणबी नोंदींसाठी मराठवाड्यातले जुन्या कागदांचे बांधलेले रुमाल सुटले, पुष्कळ कागद स्कॅन झाले. त्याचा फायदा तुम्हाला होईल. फक्त खिडकीवर आधीच सांगा की जातीच्या दाखल्यासाठी नाही, घराण्यासाठी बघतेय. चेहरे जरा सैल होतात.

शाळेचं दाखल-खारीज रजिस्टरही बघा. आजोबा शिकले असतील तर बापाचं नाव आणि राहण्याचं गाव मिळेल. जन्मतारखेवर मात्र विश्वास नको. आमच्या पिढीतला निम्मा मराठवाडा गुरुजींच्या कृपेनं 1 जूनला जन्मलेला आहे, मीसुद्धा.

पावतीवर 'साकिन' काय लिहिलंय?

नुक्ता

ताई, मी नांदेडची. माझे नाना पेशकार, म्हणजे कचेरीतले कारकून, होते, त्यांचं अक्षर वाचायला शिकले तेव्हापासून लोक मला कागद आणून दाखवतात. बाबू-बापूचं कोडं सोपं आहे. उर्दूत 'ब' खाली एक नुक्ता, 'प' खाली तीन. दफ्तरातला कारकून शिकस्ता लिहायचा, म्हणजे घाईचं मोडकं अक्षर, आणि नुक्ते देण्याइतकी सवड त्याला नसायची. नुक्ते गेले की बाबू आणि बापू एकच. तसंच 'ग' वरची एक रेघ राहिली की गणू होतो कनू. 'ण' आणि 'ळ' तर आमच्या लिपीत नाहीतच, काळे आणि काले सारखेच. मौलवीसाहेब छापील उर्दू वाचणारे असतील, त्यांची चूक नाही.

फोटो टाका. उजेडात, सपाट, घडीजवळून वेगळा एक.

उदगीरची लेक

टाकले बघा, तीन फोटो. काका, एवढं लिहिलंत, दादांशी बोलल्यासारखं वाटलं.

नुक्ता

पाहिले. दोन गोष्टी सांगते.

'साकिन' पुढं तुमच्या आडनावाचंच गाव आहे, भालकीकडचं. मौजा मात्र तुमचं उदगीरकडचं. म्हणजे जमीन इथं, माणूस तिथला. तो बापूच आहे, माझी खात्री झाली.

पण मौलवीसाहेबांनी नावाच्या आधीचा एक शब्द सोडला. 'मारफत'. पैसे या माणसाच्या हातून आले, एवढाच त्याचा अर्थ. पट्टा ज्याच्या नावावर ते नाव वरच्या ओळीत होतं आणि तिथंच तुमचा कागद फाटलाय. शेवटची दोन अक्षरं उरली आहेत, मला तिथं 'बाई' दिसतंय. घडीची सुरकुती असू शकते, शपथ घेणार नाही. रक्कम रकमी आकड्यांत, म्हणजे जुन्या हिशेबी खुणांत आहे, ती मला धड येत नाही. हाली सिक्क्यातले, म्हणजे निजामाच्या नाण्यातले रुपये असणार एवढं नक्की.

भालकीवाला

गाव ओळखलं, आमच्यापासून फार लांब नाही. कागद बाजूला ठेवून एक सांगतो. आमच्या भागात सुगी झाल्यावर हेळवी येतात. दारात उभं राहून घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवतात, ज्वारी घेतात, पुढच्या घरी जातात. त्यांच्याकडं वह्याही असतात. घराणं गाव सोडून गेलं तरी त्यांच्या वहीतून लगेच जात नाही. त्या गावात तुमच्या आडनावाचं नाही, भावकीचं कुणी असेल तर त्यांचा हेळवी कोण ते विचारा.

नाहीतर नाशिकचे तीर्थोपाध्ये. गाव सांगितलं की कुठल्या उपाध्यांकडं वही आहे ते रामकुंडावर कळतं. आमच्या वहीत पणजोबांच्या हातचा अंगठा सापडला, आणि मला नवल वाटलं ते हे की शेजारी आई-बायकोची नावं होती. सातबाऱ्यात जी बाई कधी दिसली नाही ती तिथं होती.

उदगीरची लेक

सव्वा महिन्यानं लिहितेय. उन्हाळ्याची सुट्टी लागली तशी गावी आले.

काकांनी सांगितलं तसंच केलं. गट नंबरावरून सर्व्हे नंबर काढला, अर्जात चारच गोष्टी लिहिल्या. चौथ्या दिवशी खासरा पत्रकाची नक्कल हातात. ओळ मी पाच वेळा वाचली. पट्टेदार: भागाबाई जौजे बापू. अकरा एकर चार गुंठे. पणजोबांचं नाव फक्त त्या 'जौजे' च्या पुढं.

म्हणजे नुक्ताताईंना दिसलेली 'बाई' सुरकुती नव्हती. जमीन पणजीची होती. पणजोबा भालकीकडून आले ते साथीनं नाही, भांडणानंही नाही. ते घरजावई आले! आम्ही घरभर माणसं बापूला शोधत होतो आणि सारा भरायला तो बिचारा मारफत जात होता.

आत्याला फोन केला. आधी दोन मिनिटं गप्प. मग म्हणाली, "म्हणून आई बोलत नव्हती." तेव्हा घरजावई म्हणजे गावभर टोमणा, चारचौघांत कुणी तसं म्हटलेलं आजीला सोसलं नसतं. थोड्या वेळानं आत्याचाच फोन. येळवसला (वेळ अमावस्येला) आमच्या शेतात कडब्याच्या कोपीत पाच पांडवांच्या दगडांशेजारी सहावा दगड मांडतात, 'थोरल्या आज्याचा' म्हणून. तो म्हणे भागाबाईच्या बापाचा असणार. मला तसं नाही वाटत. आत्या आता सगळंच त्या कागदाला जोडायला लागली आहे, काल विहिरीचाही विषय निघाला. पण दगड सहा आहेत हे खरं, लहानपणी चुना मीच लावायचे.

तर आता माझा प्रश्नच बदलला. भागाबाईच्या बापाचं नाव कुठं मिळेल? त्याला मुलगा नसणार, म्हणून जमीन लेकीला आली. खासऱ्यात तिच्या नवऱ्याचं नाव आहे, बापाचं नाही. आमच्या घरात कुणालाच ते माहीत नाही. आत्यालाही नाही.

बस्तेवाला काका

वा, ताई! 11 वर्षांत असा कागद माझ्या हातून किती वेळा गेला असेल, 'जौजे' च्या अलीकडचं नाव मीही कधी थांबून वाचलं नाही.

आता असं करा. पट्टा बापाकडून लेकीकडं आला तर त्याला विरासतीची, म्हणजे वारसाची मंजुरी लागलेली असणार, किंवा बापानं जिवंतपणी बक्षीस लिहून दिलं असेल. विरासतीची मिसल (प्रकरणाची फाइल) असली तर तिच्यात 'मुतवफ्फी' शब्दाच्या जवळचं नाव तुमच्या कामाचं. पावती 1334 फसलीची आहे आणि तेव्हा पट्टा बाईच्या नावावर दिसतो, म्हणजे तो बदल त्याच्या आधीचा. 1320 ते 1334 एवढीच वर्षं मागा. मिसल नाही निघाली तर त्याच सर्व्हे नंबराचं शेतवारपत्रक मागा. ते त्याहून जुनं निघालं तर पट्टेदार म्हणून तोच म्हातारा बसलेला असेल, त्याच्या बापाच्या नावासकट. कागद उर्दूत असेल, नुक्ताताई आहेतच.

कुणी हैदराबादला तारनाक्याच्या पुराभिलेखागारात जा म्हणेल. जहागिरी, इनामं, वरच्या दफ्तराचे कागद बघायचे तर जरूर जावं. अकरा एकरांसाठी आत्ताच भाडं घालवू नका.

दुसरीकडं नाशिकला जाऊन या. पण वहीत तुमचं आडनाव सांगू नका, ते भालकीचं. तुमच्या उदगीरकडच्या गावाचं नाव सांगा, म्हातारा त्या गावचा होता.

आणि तहसीलला सोमवारी जाऊ नका, बैठका असतात. मंगळवारी, अकराच्या आत.